मुंगीचे ऐंशी किलो

क्रेनचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती, गुडघेच उठवायचे. अंथरुणात बसूनच तो दोन्ही गुडघे तळहातांनी चोळायचा, शेगडीवर चहा ठेवायचा, बायकोची झोप न मोडता डबा भरायचा आणि उजाडायच्या आत मालधक्क्यावरच्या गोदामात हजर व्हायचा.

क्रेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावानं हाक मारली असती, तर त्यानं वळूनही पाहिलं नसतं. अंगानं बुटका, मान खांद्यांत रुतलेली, पाय खांबासारखे. तरुणपणी एकदा गोदामातली क्रेन बंद पडली आणि मुकादमानं डोक्याला हात लावला. यानं फक्त विचारलं, "गोण्या किती आहेत?" दुपारच्या जेवणाआधी वॅगन रिकामी झाली. पुढे यंत्र दुरुस्त झालं, पण नाव याला चिकटलं ते चिकटलंच.

त्याच्या कामाची एक रीत होती. गोणी उचलायची ती मांड्यांनी, पाठीनं नाही. आणि खाली ठेवायची ती अशी, की शेजारच्या गोणीला पत्ता लागू नये. सिमेंट असो, साखर असो, नाहीतर काचेचं सामान असो. माल आपटणाऱ्याला तो हमाल मानायचाच नाही.

"गोणी ठेवतोस की पाळण्यात मूल निजवतोस?" जोडीदार चिडवायचे.

"मूल रडलं तर परत उचलता येतं. फुटलेली गोणी उचलून दाखव," हा म्हणायचा आणि पुढची गोणी घ्यायला निघायचा. बोलण्यात दम घालवणं त्याला पसंत नव्हतं.

त्याला एकच मुलगी. बापावर गेलेली, म्हणजे बुटकी आणि हट्टी. शाळा सुटली की ती गोदामात यायची आणि दिसेल ती वस्तू उचलून बघायची. पिंप, पाटी, मुकादमाची खुर्ची. एकदा खुर्चीत मुकादम बसलेला असताना तिनं खुर्चीचे मागचे पाय जमिनीवरून सुटे केले, तेव्हा मुकादम ओरडला, "अरे क्रेन, ही मुंगी आवर तुझी!" त्या दिवसापासून ती मुंगी. आईला हे नाव मुळीच आवडायचं नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. दिवसभर सरळ शिवण घालून आलेल्या बाईला पोरीचं काहीतरी नीटनेटकं व्हावं असं वाटे. पण पोरीनं गल्लीच्या टोकाची व्यायामशाळा शोधून काढली, आणि तिथल्या वस्तादानं तिच्या हातात लोखंडी बार दिला. मग आईनं हात टेकले.

"एवढीशी पोर, कंबर मोडून घेईल," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाठीनं उचलली तर मोडेल. मी बघतो."

त्यानं बघितलं. रोज संध्याकाळी, आधीच मोडलेलं अंग घेऊन, तो व्यायामशाळेच्या बाकावर येऊन बसायचा आणि एकच शब्द बोलायचा. "मांड्या." वस्ताद वैतागायचा. पण शब्द बरोबर असल्यामुळे त्याला हाकलताही येईना.

पहिल्या स्पर्धेत मात्र बापाची शिकवण पोरीला नडली. मुंगीनं बार डोक्यावर नेला, हात ताठ केले, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. आता बार खाली सोडून द्यायचा असतो. खाली रबराची जाड गादी असते ती त्यासाठीच. मुंगीनं सोडला नाही. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर, असा जपून जपून उतरवला. आवाज म्हणून नाही.

"टाक! अगं टाक की!" वस्ताद बाहेरून ओरडत होता.

ती उतरून आली तेव्हा वस्ताद लाल झाला होता. "टाकलं का नाहीस?"

"कुणाचा माल आहे काय माहीत," मुंगी म्हणाली. "फुटला म्हणजे?"

बाकांवरचे लोक पोट धरून हसले. पण दुसऱ्या उचलीलाही तिनं तेच केलं, आणि तिसऱ्या उचलीला दंडांत जीव उरला नव्हता. बार खांद्यावरून पुढे गेलाच नाही. दुसरा नंबर आला. वस्तादानं बापाला बाकावरून उठवलं.

"अहो क्रेनभाऊ, ठेवण्यात ताकद घालवली तिनं! हे लोखंड आहे, अंड्यांची टोपली नाही. तुम्ही तिला काय शिकवून ठेवलंय?"

घरी दारात चपला काढताना क्रेन मुलीला म्हणाला, "गोदामातला माल दुसऱ्याचा असतो. तो ठेवायचा. हे वजन तू तुझ्यासाठी उचलतेस. काम झालं की दे टाकून."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस, बाबा?"

"मला तरी कुठं माहीत होतं? मी स्वतःसाठी कधी काही उचललंय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेवढं बाजारातून पिठाचं पोतं आणायचं राहिलंय. ते उचला स्वतःसाठी."

मुंगी टाकायला शिकली. सोळाव्या वर्षी तिनं ऐंशी किलो डोक्यावर नेले. तिच्या वजनगटात व्यायामशाळेतल्या कुठल्याच मुलीनं तोवर एवढं उचललं नव्हतं. दारावर पत्र्याचा फळा होता. त्यावर गटागटाचे विक्रम रंगवलेले असत. त्यात एक ओळ तिची झाली. तिच्या मागे लागली होती ती शिडी. वजनगट तोच, मुंगीपेक्षा वर्षानं लहान, हातापायांनी लांब, म्हणून शिडी. दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या आणि एकाच डब्यातली अंडी खायच्या.

"शिडीला कुठं चढायचंय तेच माहीत नाही," मुंगी म्हणायची.

"तुझ्या डोक्यावर," शिडी म्हणायची. "जवळच आहे."

मग गुडघ्याच्या वर दुखू लागलं. वजनं उचलणाऱ्या पोरीचा पाय दुखतो यात नवल कुणाला वाटणार? शेक झाला, मलम झालं, विश्रांती झाली. सूज उतरेना तेव्हा मोठ्या इस्पितळात फोटो काढला. मांडीच्या हाडाचा कॅन्सर होता, आणि तो तिथं थांबलेला नव्हता.

मुंगी रडली ती एकदाच, केस गेले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं झालं, वजनगट थोडा खाली आला." मावशी भेटायला आली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "देव चांगल्या माणसांनाच लवकर बोलावतो गं." खाटेवरून उत्तर आलं, "मग तू बिनघोर राहा, मावशी. तुझी शंभरी पक्की आहे." मावशी रुसून गेली. पुढच्या खेपेला मात्र ती रडायचं सोडून पत्ते घेऊन आली.

औषधाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये जरा उभारी आली, तेव्हा बापानं तिला व्यायामशाळेत नेलं. तिला बाकावर बसवून मुली सराव करू लागल्या. शिडीनं त्या दिवशी हलकीच वजनं घेतली, आणि ती उचलतानाही उगाच धापा टाकल्या. मुंगीनं थोडा वेळ पाहिलं. मग हाक मारली, "ए शिडे, मी आजारी आहे, आंधळी नाही. नीट उचल." शिडीनं मान खाली घातली आणि बारला चकत्या वाढवल्या.

त्या हिवाळ्यात मुंगी गेली. अठरावं लागायचं होतं.

माणसं भेटायला आली, आणि प्रत्येक जण तेच वाक्य घेऊन आला. पोरगी फार झुंजली, पण अखेर हरली. क्रेन दोन दिवस ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरांनी ते म्हटल्यावर तो बोलला.

"हरली नाही. झुंज लावायची तर आधी दोघांना काट्यावर उभं करतात. तो तिच्या वजनगटातला नव्हता."

मास्तर चहा संपवून गेले.

क्रेनचं वय कामातून मोकळं व्हायचं झालं होतं. गुडघे तर त्याआधीच मोकळे झाले होते. मुकादम म्हणाला, "घरी बस आता, म्हाताऱ्या." हा म्हणाला, "घरी काय उचलू?" आणि साडेचारला उठत राहिला.

वर्ष होत आलं, तसा व्यायामशाळेचा सेक्रेटरी एका संध्याकाळी घरी आला. भला माणूस. दुकान सांभाळून व्यायामशाळेसाठी राबणारा. मुंगीच्या आठवणीसाठी स्पर्धा भरवायची, असं त्याच्या मनात होतं. सोबत कागदावर काढलेला फलकाचा नमुना होता. वर मोठा फोटो, इस्पितळातला, डोक्याला रुमाल बांधलेला. खाली लिहिलं होतं, 'एका झुंजीची आठवण'. सगळ्यात शूर मुलीला धैर्याचं बक्षीस. आणि शेवटी सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला, "समितीनं असंही ठरवलंय, की तिच्या गटातला विक्रम कायमचा तिच्याच नावावर ठेवायचा. पुढे कुणी कितीही उचललं, तरी फळ्यावरची ती ओळ बदलायची नाही."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "फार चांगलं केलंत, भाऊ. तेवढंच उरलंय तिचं."

"नको," क्रेन म्हणाला.

त्यानं नमुन्याचा कागद स्वतःकडे ओढला.

"फोटो बदला. बार डोक्यावर असलेला लावा. धैर्याचं बक्षीस काढून टाका. धैर्य काय काट्यावर मोजता येतं का? आणि फळ्यावरची ओळ मोकळी ठेवा. जी जास्त उचलेल तिची."

"अहो, पण तिच्या आठवणीसाठीच—"

"जो मोडायची परवानगी नाही, तो विक्रम कसला? ती तसबीर झाली. तसबिरी घरात पुष्कळ आहेत."

"लोक काय म्हणतील, क्रेनभाऊ? बापानंच लेकीचं नाव पुसायला लावलं?"

"लोकांना उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? ऐंशी किलो त्यांनी उचललेत का?"

सेक्रेटरी कागद गुंडाळू लागला. क्रेननं आणखी एक सांगितलं. स्पर्धा घ्यायची तर खरी घ्यायची, पंच बाहेरून आणायचे. आपल्या ओळखीचे पंच मुंगीची आठवण काढत बसतील आणि कुणाच्या उचलीला न्याय मिळणार नाही. सेक्रेटरी म्हणाला, समितीकडं तेवढे पैसे नाहीत. "त्यांचं जाणं-येणं, राहणं माझ्याकडे," क्रेन म्हणाला. "मी अजून कामावर आहे."

सेक्रेटरी गेल्यावर आईनं दार लावलं आणि तिथंच उभी राहिली.

"जिवंत होती तेव्हा तिला वजनाखाली घातलीत. आता नावसुद्धा खाली पाडायचंय तुम्हाला?"

क्रेन गुडघे चोळत बसला. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. डबा ती भरून ठेवू लागली, पण हातात देईना. तो टेबलावरून उचलायचा आणि निघायचा.

समितीनं अर्धं ऐकलं. फोटो बदलला, पंच बाहेरचे आले. ओळीचं काय ते नंतर बघू, असं मोघम ठरलं. पण व्यायामशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, की आता ऐंशीच्या पुढे जाऊ शकेल अशी एकच मुलगी आहे, शिडी.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं. क्रेन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. आई आली, पण त्याच्याजवळ नाही, मधल्या रांगेत बसली. पहिल्या उचलीत शिडीनं सत्त्याहत्तर असे उचलले, जसं कुणी फळीवरचं भांडं काढावं. मग पंचांच्या टेबलावरून पुकारा झाला: एक्क्याऐंशी.

शिडीनं हातांना खडूची भुकटी लावली, बार धरला, खांद्यावर घेतला. एवढं सोपं, की जवळची बाई "आई गं" म्हणाली. मग तिनं गुडघे वाकवून बार वर ढकलला. बार कपाळापर्यंत गेला, थांबला आणि पुढे पडला. तांबडे दिवे लागले. सभागृहानं सुटकेचा श्वास सोडला आणि टाळ्या वाजवल्या. पडलेल्या उचलीला एवढ्या टाळ्या क्रेननं कधी ऐकल्या नव्हत्या.

त्यानं मात्र भलतंच पाहिलं होतं. ज्याच्या हातून ओझं खरोखर निसटतं, त्याचे पाय शेवटपर्यंत ओझ्याखाली धावत असतात. हिचे पाय बार पडायच्या आधीच मागे सरले होते.

तो भिंतीपासून निघाला तो थेट पडद्यामागे गेला. शिडी बाकावर बसली होती. वस्ताद तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यालाही कळलं होतं, पण त्याचं तोंड उघडत नव्हतं.

"वजन जड होतं?" क्रेननं विचारलं.

शिडी हातांवरचा खडू पुसत राहिली.

"मी जन्मभर गोण्या उचलल्या, पोरी. एखादी जड असेल तर जड आहे म्हणालो. हलकी गोणी जड आहे असं कधी दाखवलं नाही. तसं करणाऱ्याला आमच्यात कामचुकार म्हणतात."

"काका, मला नाही मोडायचा तिचा विक्रम," शिडी म्हणाली आणि एकदम रडू लागली. "तेवढंच उरलंय तिचं."

"तिला विचारलंस? ती काय म्हणाली असती?"

"शिव्या घातल्या असत्या."

"मग? मला बोलायला कशाला लावतेस?"

"क्रेनभाऊ," वस्ताद म्हणाला, "मध्ये फक्त एकीची पाळी आहे. ती झाली की हिची तिसरी उचल. जे काय ते लवकर."

तेवढ्यात पडदा सरकला आणि आई आत आली. चेहरा तापलेला. शिडी उठून उभी राहिली.

"काकू, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

हे आपल्या हातात नाही, हे क्रेनला तेव्हा कळलं. या बाईनं नको म्हटलं असतं, तर शिडीनं बारला हातही लावला नसता, आणि पोरीची तसबीर कायमची भिंतीवर गेली असती.

"तू पडलीस तशी माझ्या शेजारची बाई काय म्हणाली, ठाऊक आहे?" आई म्हणाली. "म्हणाली, चला, बिचारीचं नाव राहिलं. बिचारी! माझ्या पोरीला बिचारी? केस गेले, चालणं गेलं, जीव गेला, पण हा शब्द तिनं दारात उभा राहू दिला नाही. आणि आज भर सभागृहात, तिच्याच फोटोखाली?" ती शिडीजवळ गेली. शिडीचा कमरेचा पट्टा सैल झाला होता. तो तिनं शिलाईवालीच्या हातांनी एका झटक्यात आवळला. "तू एक्क्याऐंशी उचललेस म्हणून तिनं उचललेले ऐंशी काही खाली येत नाहीत. ते तिनं उचललेत. झालं ते. आता तू जा आणि नाक पुस आधी."

"मांड्या," क्रेन म्हणाला.

"माहितीये हो, काका!" शिडी चिडून म्हणाली. वस्तादानं श्वास सोडला. चिडलेली पोरगी त्याला हवीच होती.

तिसरी उचल क्रेननं पडद्याच्या फटीतून पाहिली. यावेळी बार खांद्यावर घेताना शिडीला कष्ट पडले. रडण्यात ताकद गेली होती. खांद्यावर घेऊन ती उभी राहताना पाय लटपटले, आणि सभागृहातून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. ते ऐकून तिनं हनुवटी वर केली. वर ढकलला तेव्हा बार एका बाजूला झुकला. तिचे पाय त्याच्या खाली धावले, एक पाऊल, आणखी एक, आणि हात ताठ झाले. थरथरत होते, पण ताठ. एक पांढरा दिवा, दुसरा पांढरा. तिसरा तांबडा. दोन पुरेसे असतात. बार दणकन खाली आला.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या. वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळत नव्हतं. मुंगीची आई पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवू लागली, तेव्हा त्यांना कळलं.

सेक्रेटरी मात्र फळ्याकडे फिरकेना. आज रंगारी नाही, उद्या समितीची बैठक आहे. भल्या माणसाचं मन होत नव्हतं, एवढंच. क्रेननं पगाराच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. त्या आठवड्यात खताच्या वॅगनी आल्या होत्या, आणि गुडघ्यांनी पार असहकार पुकारला होता. शनिवारी हातात पगार पडला, तसा तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याकडे गेला आणि त्याला शिडीसकट व्यायामशाळेच्या दारात आणून उभं केलं. लाकडाच्या शिडीसकट. दुसरी शिडी आत सराव करत होती.

रंगारी वर चढला, ओळ वाचली आणि तिथूनच म्हणाला, "अहो, ही तर तुमचीच मुलगी ना?"

"हो."

"मग खाली बारीक अक्षरांत ठेवू का? जागा आहे."

"एका ओळीला एकच नाव. घास."

रंगाऱ्यानं काचकागदानं ओळ घासली, वरून पांढरा हात दिला, तो वाळेपर्यंत विडी ओढली आणि शिडीचं नाव, पुढे एक्क्याऐंशी, असं काळ्या अक्षरांत काढलं. मुंगीची आई कारखान्यातून परस्पर आली होती. मान वर करून ती म्हणाली, "शेवटचं अक्षर वाकडं झालंय." रंगाऱ्यानं ते पुसून पुन्हा काढलं.

उतरल्यावर तो पैसे घेईना. अशा कामाचे कसे घेऊ, म्हणाला. क्रेननं त्याच्या खिशात कोंबले.

"बरं, मग निदान वर पक्का वॉर्निश देतो," रंगारी म्हणाला. "वर्षानुवर्षं हलणार नाही."

"नको," क्रेन म्हणाला. "पुढची येईल तेव्हा रंग सहज निघाला पाहिजे."